नानांचा कोचा

आधीच सांगते, माझं लिहिणं कोणाला दाखवण्याजोगं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळलं नाही. मास्तर म्हणायचे, "तुझ्या वेलांट्या वाऱ्यावर उडालेल्या आहेत, जागा सापडेल तिथे बसतात." अक्षराचंही तेच. गोधडीचा टाका माझा सरळ येतो, पण कागदावरची ओळ सरळ येत नाही. कधी कोणी वाचलंच, तर तेवढं सांभाळून घ्यावं. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा लिहिते आहे, आणि लिहिते आहे ते नानांबद्दल.

लग्न होऊन मी पिंपळनेरहून धुळ्याला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. आमचे हे जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर होते. फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागून नोकरांच्या खोल्या होत्या. हंगामात सगळीकडे कापसाची कूस, म्हणजे बारीक तंतू, उडायची, ती भाकरीत यायची, पाण्यात यायची, झोपलेल्या माणसाच्या भुवयांवर बसायची. कोपऱ्यातल्या खोलीत नाना राहायचे. ते फॅक्टरीचे नोकर नव्हते. व्यापारी त्यांना कापूस पारखायला बोलवायचे. चिमटीत कापूस धरायचा, दोन्ही हातांनी हळूहळू ओढायचा आणि तंतू किती लांब निघतो ते सांगायचं, हे त्यांचं काम. काम संपलं की त्यातलाच एक बोळा ते कानावर खोचून घरी यायचे. लोक कानात अत्तराचा फाया ठेवतात. नानांच्या फायाला कसलाच वास नसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचे, "वास घ्यायला नाक आहे. कानाला जरा विश्रांती द्यावी."

नाना कमरेतून वाकून नमस्कार करायचे. हात जोडायचे नाहीत. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून सरळ उभे राहायचे आणि पुढे वाकायचे. पोस्टमनला वाकायचे, नळाच्या माणसाला वाकायचे, एकदा बकरी वाटेत आडवी आली तर तिलाही वाकले. मी नवी सून, डोक्यावर पदर घेऊन हंडा भरून येत होते, तर माझ्यापुढे वाकले. वडिलांच्या वयाचा माणूस! मी इतकी घाबरले की अर्धा हंडा तिथेच सांडला आणि घरात पळाले. शेजारच्या अक्का ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "भिऊ नको वं माय. हाऊ नाना जपानी शे."

जपानी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, जात असेल.

पण माझी खरी फजिती झाली ती पुढच्या दोन-चार दिवसांत. दुपारी चारच्या सुमाराला नानांच्या दारासमोरून जाताना पाहिलं, तर ते एकटेच पाटावर बसून कोरा चहा पीत होते. आमच्याकडे घरात मयत झालं की शेजारणी कोरा चहा करून नेतात. सुतकात दूध घालत नाहीत. एरवी कोणी कोरा चहा पीत नाही. गरिबाच्या घरीही बकरीच्या दुधाचा थेंब पडतो. म्हणजे नानांच्या घरी कोणी तरी गेलेलं आहे. आपण शेजारी राहतो, आणि न बोलता निघून जायचं? मी पदर पुढे ओढला आणि त्यांच्या पायरीवर जाऊन खाली मान घालून बसले. नानांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. चहा पिताना चवीपलीकडे ते काही बोलत नसत हे मला पुढे कळलं. मी बसले, ते पीत राहिले. तेवढ्यात अक्का आल्या.

"कोन मरनं वं?" त्यांनी विचारलं.

"नानांकडचं कोणीतरी," मी हळूच म्हणाले.

अक्कांना हसू आवरेना. सगळ्या खोल्यांतून बाया गोळा झाल्या. "नवी सून नानाले भेटाले उनी!" भेटायला, म्हणजे मयताच्या सांत्वनाला. मी लाजेने मेल्यासारखी झाले. नानांनी मात्र कप रिकामा केला, उभे राहिले आणि मला वाकून म्हणाले, "या चाळीत माझ्यासाठी आजवर कोणी असं बसलं नव्हतं."

त्या दिवसापासून मी त्यांची 'माय' झाले. आमच्याकडे लहान मुलीलाही माय म्हणतात.

कोऱ्या चहाची गोष्ट नानांनी किती वेळा सांगितली असेल, त्याला हिशेब नाही. लढाईच्या आधी जळगावात एका जपानी कंपनीचं कापूस खरेदीचं ऑफिस होतं. नाना तिथे कारकून होते. तिकडून नवा साहेब आला, बुटका, गोल चष्म्याचा. त्याला आपली भाषा येत नव्हती, इंग्रजीही तुटकं. पहिल्याच दिवशी दुपारी त्याने एक डबा टेबलावर ठेवला आणि बोटाने दाखवत म्हणाला, "कोचा. कोचा."

"कोचा म्हणजे काय, सांगा," इथे नाना थांबायचे. ऐकणाऱ्याला उत्तर पाठ असायचं, तरी गप्प राहावं लागायचं. "कोरा चा! समुद्रापलीकडचा माणूस, आणि आपल्या भाषेत चहा मागतोय. माझ्या अंगावर काटा आला."

नानांनी कोरा चहा करून दिला. साहेबाने कपाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, चहा प्याला आणि वाकून नमस्कार केला. त्यानंतर रोज चार वाजता कोचा. साहेब एक कप घ्यायचा, एक नानांना द्यायचा. लढाई लागेपर्यंत तसंच चाललं.

"मग मधला 'रा' कुठे गेला, नाना?" आमचे हे मुद्दाम विचारायचे.

"समुद्रात पडला."

"म्हणजे तिकडे अहिराणी बोलतात?"

"सगळी नाही. थोडी."

लढाई पेटली आणि सरकारने साहेबाला धरून नेलं. पुढे त्याला बोटीने त्याच्या मुलखात पाठवलं असं नानांनी ऐकलं. जाताना साहेबाने आपली चिनी मातीची किटली आणि रिकामा डबा नानांना दिला. कंपनी बंद झाली, नाना धुळ्याला आले, पण चार वाजले की कोचा ठरलेला. दुकानातला साधा चहा आणायचे, चाळणीने भुकटी काढून टाकायचे आणि उरलेली पत्ती त्या जपानी डब्यात आठ दिवस ठेवायचे. "संगत लागू दे," म्हणायचे.

त्यांची चहा करायची रीत मी बघून बघून शिकले. नळाचं पाणी चालत नसे. फॅक्टरीच्या फाटकाजवळच्या विहिरीचं पाणी लागायचं, तेही सकाळी सगळ्यांच्या आधी भरलेलं. पाणी चुलीवर ठेवून ते कान देऊन बसायचे. "पाणी बोलायला लागलं की उतरव. ओरडायला लागलं की कामातून गेलं." पत्ती कधी उकळायची नाही. "डाळ उकळतात. चहा भिजवतात." किटली आधी गरम पाण्याने विसळायची, मग पत्ती, मग पाणी, मग झाकण. आणि झाकणावरून टोपडं. पुढे मला लेक झाली, ते तिचं जुनं टोपडं होतं. आत नानांनी आणलेला कापूस भरून मीच त्याला टाके घातले होते. अक्का म्हणाल्या, "नानानी किटली बाळंत व्हयनी का?" नानांनी टोपड्याची नाडी नीट बांधली आणि म्हणाले, "सर्दी व्हायला नको."

पहिला घोट ते फुर्रकन ओढून घ्यायचे. चाळीतली पोरं लांबून तसाच आवाज काढायची. मग समोर जो कोणी असेल त्याला कप देऊन विचारायचे, "काय लागस?" म्हणजे चव कशाची लागते. एरवी नाना शहरी बोलायचे, पण हे कायम अहिराणीत. कोणी म्हणे कडू. कोणी म्हणे गरम. आमचे हे म्हणत, "फुकटचा लागतो." मला विचारलं तेव्हा मी नेहमीसारखी गप्प राहणार होते. घरात भाजी काय करायची हेही मला कोणी विचारत नसे. पण त्यांनी कप काढून घेतला नाही, तसेच थांबून राहिले.

"ओल्या गोणपाटासारखा वास येतो," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर वाटलं, आता हाकलतील.

नानांनी कप नाकाशी नेला. पुन्हा ओढला. "खरं आहे," ते म्हणाले. "दुकानदार पोती भिंतीला लावून ठेवतो." त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवसापासून पहिला घोट माझा झाला. पाऊसपाण्याच्या दिवसांत धुराचा वास यायचा, एकदा जिऱ्याचा आला, तर नाना दुकानात जाऊन भांडून आले.

असं काही वर्षं चाललं. मग एका हंगामात नाना बाजारातून धावतच आले. टोपी हातात होती. नानांना टोपीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. जपानी लोक पुन्हा कापूस घ्यायला येऊ लागले होते. जळगावात एक तरुण उतरला होता. एका दलालाबरोबर तो धुळ्याला येणार होता आणि त्याने नानांची चौकशी केली होती. तो साहेबाचा पुतण्या होता.

"आपल्याकडे येणार. चहाला," नाना म्हणाले.

"मग चांगलंच झालं की," अक्का म्हणाल्या.

"किटली!" नाना म्हणाले.

साहेबाच्या किटलीची चोच कधीच तुटली होती. नानांनी ती लाखेने चिकटवली होती आणि रोज तिथून थेंब थेंब गळायचं. ती पुतण्यापुढे कशी ठेवायची? तो घरी जाऊन सांगणार, काकांनी दिलेली वस्तू त्यांनी फोडून ठेवली आहे. आग्रा रोडवरच्या एका दुकानात तशीच पांढरी किटली होती, कपांसकट अठरा रुपये. व्यापारी नानांचे पैसे हंगाम संपल्यावर, तुकड्यातुकड्याने द्यायचे. दोन दिवस नाना त्या दुकानासमोरून येरझाऱ्या घालत राहिले. दुकानदाराला वाकले, किटलीलाही वाकले असतील. किटली काही मिळाली नाही.

गोधड्या शिवून मिळालेले पैसे मी तुरीच्या डब्यात ठेवत असे. हाताने चालवायचं शिलाईचं मशीन घ्यायचं मनात होतं. त्यातले अठरा रुपये काढून मी नानांच्या पायरीवर ठेवले. हातात देण्याचं धाडस झालं नाही.

नानांनी पैसे मोजले. "माय, हे मी फेडीन," ते म्हणाले. "साहेबाचा चहा उधारीवर नको." त्याच संध्याकाळी नवी किटली आली.

पुतण्या आला तो दिवस मला अजून दिसतो. तांबूस गोरा, केस बारीक कापलेले, हातात कापडात गुंडाळलेला डबा. दलालाला इंग्रजी येत होतं, म्हणून बोलणं त्याच्या तोंडून चाललं होतं. पुतण्या दारातच कमरेतून वाकला. नाना वाकले. पुतण्या पुन्हा वाकला, नाना पुन्हा वाकले. चाळीतली सगळी माणसं बघत होती, आणि कोणी हसलं नाही. नाना वेडे नव्हते, हे सगळ्यांना त्या घटकेला कळलं.

पुतण्याने आणलेला चहाचा डबा उघडून नानांनी आत माझ्याकडे पाठवला. चहा मी करायचा असं नानांनी ठरवलं होतं. मी दाराआड चुलीशी बसले. पत्ती पातळ, काळी, पिळलेल्या दोऱ्यासारखी. पाणी बोलायला लागलं तसं उतरवलं, किटली विसळली, पत्ती, पाणी, झाकण, टोपडं. ओतला तेव्हा रंग पाहून मी थबकले. आपला चहा तपकिरी होतो, हा तांबडा होता, डाळिंबाच्या पाण्यासारखा.

नाना दाराशी आले. पाहुणा बसलेला असताना त्यांनी आधी मला विचारलं, "काय लागस?"

मी घोट घेतला. कडू नव्हताच. आमच्या पिंपळनेरकडे चैत्रात मोहाची फुलं अंगणात वाळत घालतात, दुपारच्या उन्हात त्यांचा एक गोड, जड वास सुटतो. तो वास होता.

"मोहाची फुलं," मी म्हटलं.

नानांनी डोळे मिटले. "बरोब्बर," म्हणाले. "इतक्या वर्षांत मला हे सांगता आलं नाही."

त्यांनी तबक स्वतः बाहेर नेलं. पुतण्याने किटलीवरचं टोपडं पाहिलं आणि हसला. कप दोन्ही हातांनी उचलला, वास घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि दलालाला काहीतरी विचारलं.

"दूध आहे का, विचारताहेत," दलाल म्हणाला.

"दूध कशाला?" नाना म्हणाले. "त्यांना म्हणावं, हा कोचा आहे."

दलालाने सांगितलं. पुतण्या 'कोचा, कोचा' म्हणत मान हलवत राहिला.

"कोचाच आहे म्हणतात. दूध हवंय."

"अहो, कोचा म्हणजे कोरा चा!"

हे इंग्रजीत सांगायला दलालाला वेळ लागला. पुतण्याने ते दोनदा विचारून घेतलं. मग तो हळू बोलायला लागला आणि दलाल त्याच्यामागून मराठीत सांगत गेला. "कोचा म्हणजे त्यांच्या भाषेत लाल चहा. दुधाचा असो, बिनदुधाचा असो, कोचाच. यांचे काका दूध घालूनच प्यायचे. फक्त जळगावात असताना नाही. ते घरी सांगायचे, तिकडच्या लोकांचा रिवाज बिनदुधाचा आहे, पहिल्याच दिवशी कारकुनाने मोठ्या मानाने तसा आणून दिला. पाहुण्याने रिवाज मोडू नये. जड जायचं, पण प्यायचे, असं ते सांगायचे."

मी दाराच्या फटीतून नानांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा रिकामा झाला होता. ज्याच्यावर त्यांनी एवढी वर्षं काढली, ती त्यांचीच चूक होती. साहेबाने ती नानांचा रिवाज म्हणून पाळलेली आणि नानांनी साहेबाचा म्हणून. मला वाटलं, आता ते उठून जातील. पण त्यांच्या कानाला दुसराच शब्द लागला होता.

"सांगायचे?" नानांनी विचारलं. "म्हणजे आता?"

दलालाने विचारलं. पुतण्याने कप खाली ठेवला.

"गेले ते," दलाल म्हणाला. "गेल्या थंडीत. हा डबा तुम्हाला द्यायला त्यांनीच सांगून ठेवलं होतं."

बाहेर सरकीच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचा आवाज येत होता. नाना उठले, हात मांड्यांना लावले आणि त्या तांबड्या चहाच्या कपांसमोर वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. मग मला हाक मारली. "माय, दूध आण. पाहुण्याला हवं तसं द्यावं."

लेकीसाठी ठेवलेलं बकरीचं दूध मी कोमट करून दिलं. पुतण्याने ते घालून चहा घेतला. नानांनी आपला कोराच घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत, आवाज न करता. जाताना पुतण्याचं लक्ष फळीवरच्या जुन्या, लाख लावलेल्या किटलीकडे गेलं. त्याने ती खाली काढली, चोचीवरून बोट फिरवलं आणि परत ठेवली. अठरा रुपयांच्या किटलीकडे त्याने नीटसं पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता नाना पाटावर बसले. समोर दोन कप होते, दोन्हींत कोरा चहा. एक ते प्याले, एक तसाच राहिला. मी हातातली गोधडी बाजूला ठेवली, पदर पुढे ओढला आणि त्यांच्या पायरीवर जाऊन बसले.

अक्का आल्या. सवयीने विचारलं, "कोन मरनं वं?"

"नानांचा साहेब," मी म्हणाले.

मग अक्काही खाली बसल्या. त्या दिवशी पोरांनीही आवाज काढला नाही.

त्यानंतर चाळीत बरंच बोलणं झालं. आमचे हे म्हणाले, "नाना, आता तरी दुधाचा घ्या. साहेब सुटला, तुम्हीही सुटा." नाना म्हणाले, "त्याला आवडत नव्हता, तरी माझ्यासाठी प्याला. मला आवडतो, मग मी कसा सोडू?"

माझे पैसे ते थोडे थोडे देत गेले. व्यापाऱ्याकडून काही मिळालं की त्यातला वाटा आमच्या खिडकीत, उपड्या वाटीखाली ठेवलेला असायचा. मी कधी मागितले नाहीत, आणि त्यांनी कधी विचारलं नाही की मिळाले का. कापसाचा पुढचा हंगाम येऊन सरत आला.

एके दिवशी दुपारी नाना स्वतः दाराशी आले. चार वाजायचे होते. हे कामावर होते. त्यांनी उंबरठ्यावर पैसे ठेवले आणि म्हणाले, "मोजून घे, माय."

मी मोजले. राहिलेले सगळे होते, वर एक चवली, दोन आण्यांची, जास्त होती.

"ही जास्तीची आहे, नाना."

"ती दुधाची," ते म्हणाले आणि उंबरठ्याबाहेर पाय दुमडून बसले. "आज माझ्या चहातही घाल."

साहेबाने पाठवलेल्या डब्यातला शेवटचा चहा त्यांनी पुडीत बांधून आणला होता. मी विहिरीचं पाणी ठेवलं, कान दिला, उतरवलं. किटलीला टोपडं घातलं. कपात ओतून वर दूध घातलं तसा तो तांबडा रंग मावळला आणि पिवळसर झाला. नानांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि फुर्रकन ओढला. तोंडात धरून ठेवला. दुसरा घोट घेतला.

पहिला घोट नेहमी माझा असायचा. आज मीच विचारलं, "काय लागस?"

नानांनी कपात डोकावून पाहिलं.

"दूध," ते म्हणाले.

पण कप त्यांनी पुरा रिकामा केला, खाली ठेवला आणि उठून मला वाकले. या वेळी मी आत पळाले नाही. मलाही नीट जमलं नाही, पण जेवढं जमलं तेवढं मीही वाकले. ते आपल्या खोलीकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कोराच.

चवली मी दूधवालीला दिली. बाकीचे पैसे तुरीच्या डब्यात टाकले. अठराचे अठरा झाले.